डिकीवरचं नाव

माऊलीच्या गॅरेजात प्रत्येक दुखण्यावर एकच औषध आहे: काढून टाका. एसीचा पट्टा कुरकुरतो, काढून टाका. डॅशबोर्डवर दिवा पेटतो, बल्ब काढून टाका. माझ्या जुन्या लाल झेन गाडीचं इंजिन उघडलं तेव्हा थर्मोस्टॅटच्या जागी नुसतं भोक निघालं, आणि मला नवल वाटलं नाही. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवायचं आणि तापल्यावर सोडायचं, एवढंच काम करणारी ती लहानशी झडप.

"कुणी काढली?" मी विचारलं.

"मी नाय, मॅडम. माझ्या आधीच्यानं काढली असंल. सगळेच काढतात. आपल्याकडं ऊन लई. झडप काढली की पाणी बिनधास्त फिरतंय."

"मग गाडी हर्सूलच्या चढावर का उकळली?"

"जुनी हाय ना ती," माऊली म्हणाला, जणू वय हे कारण असतं.

कारण रेडिएटरमध्ये होतं. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणी ओतलं होतं. गिझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर आतल्या प्रत्येक नळीत चढला होता. मी तो नखानं खरवडला आणि त्यावर ॲसिडचा थेंब टाकला. फसफसला. माझी रसायनशास्त्रातली एमएस्सी वाळूजच्या औषध कंपनीत गोळ्या तपासण्यात चालली आहे, पण खरं सांगायचं तर इतका समाधानकारक फेस मी प्रयोगशाळेत कधी पाहिला नाही.

गाडी राजेंद्रराव पाटलांकडून घेतली होती. गारखेड्यात राहतात. दारात दोन मोठ्या गाड्या आणि त्यांच्या मागं भिंतीला टेकवून ठेवलेली ही झेन, ताडपत्रीखाली. त्यांनी ताडपत्री अशी उचलली, जणू देव्हाऱ्याचा पडदा.

"लक्ष्मी आहे आमची. घरच्यासारखी जपली."

चारही टायर चिरलेले होते, ब्रेक ऑइल काळं होतं आणि सीटखाली उंदरानं बाळंतपण उरकलं होतं. माणसं आठवणी जपतात आणि ऑइल बदलत नाहीत. मला आठवणींशी घेणं नव्हतं. मला छोटी, हलकी, वळणावर हाताला रस्ता कळवणारी गाडी हवी होती. रोज सकाळी आईला घाटी रुग्णालयात ड्युटीला सोडून पुढं वाळूजला जाता येईल अशी. आईचा गुडघा गेला आहे. घरात आम्ही दोघीच, आणि मुकुंदवाडीहून शेअर रिक्षात ती चौथी म्हणून कडेला बसते, एक पाय बाहेर. अख्खा वॉर्ड ज्यांना घाबरतो त्या रत्नमाला सिस्टर दुसऱ्याच्या मांडीला टेकून कामावर जातात, हे मला बघवत नव्हतं.

गाडी दारात आणली तेव्हा आई बाहेर आली. ती पुढून आली नाही, मागून आली. डिकीवर पांढऱ्या जाड अक्षरांत लिहिलं होतं: देवगावचे पाटील.

"कुणाची आहे?"

"राजेंद्र पाटील म्हणून आहेत. देवगाव रंगारीचे."

"या गाडीत मी पाय ठेवणार नाय," आई म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं सांगितलं. ती दुसरीत असताना पाटलांच्या घरून एक फ्रॉक आला होता, त्यांच्या थोरल्या पोरीचा उतरलेला. आई तो घालून शाळेत गेली. वर्गात राजेंद्र उभा राहिला आणि ओरडला, "हा आमच्या ताईचा फ्रॉक हाय!" सगळे हसले, गुरुजीसुद्धा. चंपाबाईनं, म्हणजे माझ्या आजीनं, त्याच दिवशी तो फ्रॉक धुतला, वाळवला, घडी घालून पाटलांच्या ओट्यावर ठेवला आणि परत आली. त्यानंतर आमच्या घरात कुणाचं उतरलेलं काही आलं नाही. ना कपडा, ना भांडं, ना शिळं.

"आई, मी ती विकत घेतलीय. आणि गाडीला काही आठवत नसतं."

"तुझ्या गाडीला नसंल आठवत."

"त्या अक्षरांचं वजन दहा ग्रॅमसुद्धा नसेल. शेवटी काढणारच होते. त्यांचा चालण्याशी काही संबंध नाही."

आईनं भाकरी उलटली. "तुला शिकवायला मी डबल ड्युट्या केल्या," ती म्हणाली, "आन् तू ग्रॅम मोजते."

मी उठून गाडीकडं गेले.

लिंबूसत्त्वाच्या गरम द्रावणानं इंजिन धुतलं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. रेडिएटर बदलला. नवी झडप बसवली, खरं कूलंट भरलं. चाकांजवळचे झिजलेले रबरी बुश आणि धक्के शोषणारे शॉकअप बदलले. माऊली बघत होता. जे काढून टाकलं ते कुणी परत बसवतं, हे त्यानं आयुष्यात पाहिलं नसावं.

"मॅडम, एवढ्यात नवी आली असती."

"नवी हलकी नसते."

"हलकी कशाला पायजे? माणसानं वजनदार गाडी घ्यावी. लोक बाजूला होत्यात."

या शहरात गाडी लोकांना बाजूला करण्यासाठी घेतात. माझा मामेभाऊ आकाशही त्याच पंथाचा. तो आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला.

"ताई, ही गाडी नाय, साबणदाणी हाय. सायलेन्सर बदल. खाली निळी लाईट टाकू. आवाज आला पायजे, समजलं पायजे कोण चाललंय."

"कोण चाललंय?"

"आपण!"

"आपण नंबर प्लेटवरून समजतो."

दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी मी ती एकटीच हर्सूलपर्यंत नेली. त्याच चढावर तापमानाचा काटा मधोमध आला आणि तिथंच थांबला. माझ्यापुढं एक मोठी पांढरी गाडी स्पीडब्रेकरवर म्हशीसारखी डुलत होती. झेननं तो टुणकन ओलांडला. तलावाजवळच्या वळणावर मी स्टिअरिंग जेमतेम फिरवलं आणि गाडी माझ्या मनात आलं तिथं गेली. मी एकटीच हसले. घरी आल्यावर मी आकाशला सांगितलं, चढावर उकळायची ती आता उकळत नाही. तरी आई व्हरांड्यात तांदूळ निवडत राहिली, आणि सकाळी तिच्या रिक्षानंच गेली.

त्या रविवारी मी अक्षरं काढायला घेतली. हेअर ड्रायरनं तापवली की ती सालीसारखी निघतात. निघाली. आणि खाली तेच नाव उरलं. उन्हात सगळा रंग विटला होता. फक्त अक्षरांखालचा जपला गेला होता. फिकट गुलाबी पत्र्यावर गडद लाल, पहिल्यापेक्षा ठळक: देवगावचे पाटील.

आकाश खो खो हसला. "पाटील जात नाय, ताई! त्याच्यावर मोठं जय भीम लाव. निळ्यात. बघू मग."

आई दारात उभी होती. "त्याच्या नावावर आपलं नाव चिकटवू नको," ती म्हणाली. "खाली तेच राहील ना."

एवढं बोलून ती आत गेली. या घरात माझ्याखेरीज कुणी नीट विचार करत असेल, तर ती आई, हे मला मान्य करावं लागलं. मी पत्रा पुन्हा पाहिला. नावात काही विशेष नव्हतं. बाकीची गाडी विटली म्हणून ते उठून दिसत होतं. म्हणजे नाव घासायचं नव्हतं. बाकीची गाडी घासायची होती.

मी रबिंग कंपाउंड आणलं आणि डिकीपासून सुरुवात केली. फडकं लाल होत गेलं. मेलेला रंग निघत गेला तशी खालची मूळ लाली वर आली. आधी "देवगावचे" गेलं. "पाटील" जायला वेळ लागला. बाजूनं एक डोळा मिटून पाहिलं तर अजून वेलांटी दिसायची. तीही गेली. मग दारं, बॉनेट, छत. खांदे भरून आले. गाडी पेरूच्या आतल्या रंगाची होती ती डाळिंबाची झाली.

आईनं खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशीही रिक्षानंच गेली.

शनिवारी सकाळी दारात पाटलांची मोठी गाडी थांबली. राजेंद्रराव उतरले. पुतण्यानं सिग्नलला आमची झेन पाहिली होती म्हणे. पत्ता कागदपत्रांवर होताच.

"काय चमकवली हो आमची गाडी!" त्यांनी बॉनेटवर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. "दोन दिवस न्यायचीय. आमच्या पोराचं, शिवमचं लग्न ठरलं. दौलताबादला फोटो काढायचेत, लग्नाआधीचे. लहानपणी याच गाडीतून शाळेत जायचा. फोटोवाला म्हणतो, जुनी लाल गाडी एकदम भारी दिसंल."

"नाही जमणार. मला रोज लागते."

"अहो, घरचीच गाडी. आम्हीच तर दिली तुम्हाला."

किल्लीसाठी त्यांचा हात पुढं आलेला होता. मी काही बोलणार तेवढ्यात आई ड्युटीच्या कपड्यात बाहेर आली, खांद्याला पर्स, हातात डबा. राजेंद्ररावांनी तिच्याकडं निरखून पाहिलं.

"चेहरा वळखीचा वाटतोय. देवगावच्या का?"

"व्हय."

"कुणाच्या?"

"चंपाबाईंची."

"चंपाची!" त्यांचा चेहरा फुलला. "अगं, तू रत्ना! बघा, जग किती लहान! आमच्या घरचंच घालून मोठी झाली तू. आन् आता गाडी बी आमचीच!"

ते मनापासून हसले. त्या हसण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता, आणि म्हणूनच मला त्यांची शिसारी आली. त्यांना तो वर्ग आठवत नव्हता. फक्त दिलेलं आठवत होतं.

आईनं डबा दुसऱ्या हातात घेतला.

"राजेंद्र," ती म्हणाली. नुसतं राजेंद्र. "एकच फ्रॉक आला होता. आईनं धुऊन तुमच्या ओट्यावर ठेवला. गाडी परत येणार नाय. ती तू दिली नाय, विकली. आन् तू विकली ती चढावर उकळायची. ही उकळत नाय."

मी तिच्याकडं बघतच राहिले. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आकाशला सांगत होते तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

राजेंद्ररावांचा हात अजून पुढंच होता. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो खिशात घातला. "मी आपलं गमतीनं बोललो," ते म्हणाले.

"वर्गात पण त्या दिवशी सगळे लई हसले होते," आई म्हणाली.

मग तिनं पुढचं दार उघडलं. आधी कंबर टेकली, मग दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, आणि दार लावलं. दार पहिल्याच खेपेला लागलं. बिजागऱ्यांना मी तेल दिलं होतं.

"मेघा, चल. आठला रिपोर्टिंग आहे."

गाडी सुरू झाली. ती मागं घेऊनच रस्त्यावर काढायची होती. राजेंद्रराव मागं उभे होते, डिकीच्या बरोबर समोर, जिथं त्यांचं नाव होतं तिथं बघत. आरशात त्यांचा चेहरा शोधता शोधता दिसत होता, त्या वेलांटीसारखा.

"हॉर्न वाजव," आई म्हणाली. "बाजूला होईल."

मी वाजवला. झेनचा हॉर्न बारीक आहे, पण ते झाले बाजूला.

जालना रोडला लागलो. काटा मधोमध होता. सेव्हन हिलच्या पुलावर तिनं सीटखाली हात घालून चाचपलं.

"ही सीट लई खाली आहे. उठताना गुडघा मोडंल."

"खाली तुकडे घालून उचलता येईल."

"किती?"

"दोन इंच."

"मग आज संध्याकाळीच कर," ती म्हणाली. "उद्या पण मला सकाळची ड्युटी आहे."