पहिल्या शुक्रवारचा बुरखा

दचकू नका, मीच बोलतोय. खुंटीवर टांगलेला हा काळा, म्हणजे एके काळी काळा असलेला बुरखा. आता माझा रंग त्याच त्या पावडरीवर पुन्हा पुन्हा उकळलेल्या फिक्या चहासारखा झाला आहे. माझ्याबद्दल जगात पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलतात. त्या वादात मला पडायचं नाही. मला फक्त माझ्या बाईची गोष्ट सांगायची आहे, कारण तिच्यामुळे माझ्या जन्माचं सोनं झालं.

माझा जन्म लाहोरच्या अनारकली बाजारातला. एका म्हाताऱ्या शिंप्याने मला फजलां नावाच्या बाईसाठी शिवला. फजलां ठेंगणी, त्यामुळे मीही ठेंगणा. शिंपी बोटभर जास्त कापड सोडायला तयार होता, पण फजलांने त्याला झापलं, "उगाच झाडू मारत चालू का मी रस्त्याने?" बाजारहाट, दर्गा, कुणाकडे बाळंतपण, कुणाकडे मातम, असं माझं आयुष्य सरळ चाललं होतं. मग फजलांची भाची बशीरां पिक्चरमध्ये गेली.

पिक्चरवाल्यांनी तिचं नाव गुलरुख ठेवलं. पोरगी उंच, सडपातळ, हसली की घर दुमदुमायचं. तिचं पहिलं पिक्चर लागलं त्या शुक्रवारी ती सकाळपासून खालाच्या, म्हणजे मावशीच्या, मागे लागली होती.

"खाला, मला जाऊन बघायचंय."

"मग जा की. तुझंच पिक्चर आहे."

"अशी कशी जाऊ? मोठ्या नट्या बुरखा घालून जातात, बायकांच्या गॅलरीत बसतात. कुणाला कळत नाही. तुझा दे ना."

"माझा? तुझ्या पोटऱ्या उघड्या पडतील, बये!"

पोटऱ्या उघड्या पडल्या नाहीत, पण घोटे पडले. आणि त्या घोट्यांखाली सोनेरी सँडल. फजलांने कपाळावर हात मारला आणि स्वतःच्या झिजलेल्या चपला तिच्या पायात घातल्या.

अशी मी पहिल्यांदा थेटराची पायरी चढली. चढलो, म्हणायचं होतं. आयुष्यभर बायकांत राहिलो, जीभ अशी घसरते.

आमच्याकडे खालची खुर्च्यांची रांग पुरुषांची आणि वर, पडदा लावलेली गॅलरी बायकांची. त्या गॅलरीत काय नव्हतं! लेकरं, शेंगांची टरफलं, विणकाम, सासूची गाऱ्हाणी. दिवे मालवले, गुलरुख पडद्यावर आली आणि शेजारच्या बाईने तोंड उघडलं.

"ही कोण गं नवी? नुसती काडी आहे. फुंकर मारली तर रावीपलीकडे जाऊन पडेल."

"नाक तरी बघ."

मला वाटलं, आता ही रडणार. पण तिने घसा खाकरला आणि थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं आवाज घोगरा करून विचारलं, "आणि डोळे कसे आहेत हो बाजी?"

"डोळे बरे आहेत. पण सारखे काय मिचकावते? धुरात बसलीय का?"

घरी येऊन ती आरशासमोर बसली आणि डोळे न मिचकावता बोलायची सवय करू लागली. पुढच्या पिक्चरच्या वेळी दिग्दर्शकाने विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?" ती म्हणाली, "वरच्या मजल्यावरच्या उस्तादांनी." त्या बिचाऱ्याला वाटलं, तिच्या माडीवर कोणी गवई राहत असेल.

तेव्हापासून तिचं पिक्चर लागलं की पहिल्या शुक्रवारी मी तिच्या अंगावर. फजलांने मला तिला देऊनच टाकलं. गुलरुखचं नाव झालं, मोठमोठ्या फलकांवर तिचा चेहरा चढला, शेतात नाचून नाचून तिच्या पायांना भेगा पडल्या. पण शुक्रवार चुकला नाही. तिला शिव्या मिळाल्या, दुवाही मिळाल्या. एकदा एका म्हातारीने तिच्या हातात शेंगा ठेवून सांगितलं, "ती गुलरुख मेली तेव्हा मी जेवले नाही गं रात्री." जिवंत गुलरुख त्या शेंगा घरी घेऊन आली आणि पुष्कळ दिवस त्या खाल्ल्याच नाहीत.

मग वय झालं. नटीचं वय आमच्याकडे कसं होतं, ऐका. ज्या हिरोबरोबर ती आदल्या साली उसाच्या फडात नाचली, त्याच हिरोच्या आईचं काम घेऊन एक निर्माता घरी आला. हिरो तिच्याहून वयाने मोठा, केसांना कलप लावणारा. गुलरुखने त्याला चहा पाजला, मिठाई खाऊ घातली आणि दारापर्यंत पोचवलं. परत येऊन ती फजलांला म्हणाली, "आईच व्हायचं असेल, तर मी माझ्या पिक्चरमध्ये होईन."

लक्ष्मी चौकात, जिथे पिक्चरवाल्यांची सगळी दुकानं, तिथे तिने एक खोली घेतली आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. लोकांनी टिंगल केली. पानवाल्यापासून पोस्टर रंगवणाऱ्यापर्यंत सगळे म्हणायचे, "बाईने नाचावं. पिक्चर काढणं म्हणजे काय भरत भरणं आहे?" तिने होतं नव्हतं ते त्यात घातलं. पिक्चर पडलं असतं तर दुसरं काढायला तिला कुणी उभं केलं नसतं. मग कलपवाल्याची आई होण्याशिवाय गत्यंतर उरलं नसतं. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही, कारण त्या दिवसांत ती मला हातात घेऊन नुसतीच बसायची.

पिक्चरमध्ये एक प्रसंग होता. नवऱ्याचं घर सोडून मुलगी पहाटे माहेरी येते. आई, म्हणजे गुलरुख, तिला काही विचारत नाही. चूल पेटवते, पराठा भाजते, वर लोण्याचा गोळा ठेवते. मुलगी खाते. आई तिच्या केसांत अडकलेल्या काड्या काढत राहते. बस. एक शब्द नाही, बासरीची एक फुंकर नाही. संगीतकार रुसला होता, तरी गुलरुख ऐकेना.

शुक्रवार उजाडला. आमच्याकडे एक रीत होती. पहिल्या खेळाला थेटरांना पिक्चर पुरवणारा व्यापारी खालच्या दारात उभा राहायचा. लोकांनी जिथे शिट्ट्या मारल्या, आरडाओरडा केला, तो तुकडा दुसऱ्या खेळाच्या आत कापला जायचा. पिक्चरच्या फिती कापून जोडणारा लतीफ त्यासाठी कात्री खिशात घालूनच यायचा. आणि व्यापारी होते चौधरी इनायत, लायलपूरचे. माणूस मनाने चांगला, पण आवाज असा की शेजारच्या गल्लीत हिशेब कळावा. उभं आयुष्य ते त्या खालच्या दारात उभे राहिले होते. बायकांच्या गॅलरीत पुरुष जात नाहीत, म्हणून वर काय होतं हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. निम्मं थेटर त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं म्हणा ना.

आम्ही वर जाऊन बसलो. शेजारी बागबानपुऱ्याची एक जाडजूड बाई आणि तिची लेक. लेकीचं नाव कुलसुम. बाईने बसल्या बसल्या सुरुवात केली.

"ही माझी पोरगी. चार दिवस म्हणून आली आणि आता सासरचं नाव काढत नाही. दादला तापट आहे म्हणते. कुणाचा नसतो? लोक विचारतात, मी काय सांगू? आज पिक्चर दाखवते आणि उद्या टांग्यात बसवते."

कुलसुमने मान वर केली नाही.

मध्यंतराच्या जरा आधी तो प्रसंग आला. पडद्यावर चूल पेटली, आवाज बंद झाला आणि खाली गोंधळ सुरू झाला.

"ओय, आवाज कुठे गेला?"

"आई झोपली काय रे?"

"गाणं लाव, गाणं! आम्ही काय पराठे बघायला आलोय?"

शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट, सोड्याच्या बाटल्या. गुलरुख माझ्या बाहीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मीही घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू.

पण वर? वर एकही शेंग फुटत नव्हती. रडणारी लेकरंसुद्धा कशी कोण जाणे गप्प झाली होती. पडद्यावर आई काड्या काढत होती. शेजारच्या बाईने हळूच मांडीवरची पुरचुंडी सोडली. मध्यंतरात खायला आणलेली बेसनाची भाकरी आणि लोणचं होतं. तिने ती भाकरी लेकीच्या हातात ठेवली.

"खा."

"भूक नाही, बेबे."

"खा म्हणते ना. उद्या कुठे जायचं नाहीये."

कुलसुमने एक घास घेतला. तो तिला गिळवेना. मग आईचा बांध फुटला. तिने रुमाल शोधला, सापडला नाही, आणि गुलरुखला म्हणाली, "बहेन, जरा तुझा नकाब दे गं." उत्तराची वाट न बघता तिने माझा नाडीने बांधलेला तोंडावरचा पदर ओढून सोडवला, डोळे पुसले आणि तेवढ्यावर न थांबता नाकही शिंकरलं. आमच्याच रांगेतली एक म्हणाली, "मलाही दे." तिच्याकडून तो पुढे गेला. अंधारात गुलरुखच्या उघड्या चेहऱ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. परत आला तेव्हा माझा नकाब धुऊन न पिळलेल्या कपड्यासारखा जड झाला होता. बुरख्याच्या जातीत एवढा मान आजवर कुणाला मिळाला नसेल.

मध्यंतर झालं. गुलरुख तो ओला नकाब तसाच तोंडावर बांधून तरातरा जिना उतरली आणि थेट मॅनेजरच्या खोलीत शिरली. चौधरी आत गरजत होते.

"काप, लतीफ! चुलीपासून पराठ्यापर्यंत सगळं काप! पराठ्याने मारलं आपल्याला!" मग त्यांची नजर आमच्यावर गेली. "बीबी, बायकांचा जिना तिकडे."

गुलरुखने नकाब वर केला.

"या अल्ला, मॅडम! तुम्ही? ऐकलंत ना खाली काय चाललंय?"

"खालचं तुम्ही ऐकलंत, चौधरीसाहेब. वरचं मी ऐकून आलेय."

"वर काय? वर तर सगळं शांत होतं!"

"तेच सांगायला आलेय." तिने माझ्या नकाबाची नाडी सोडून तो काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा धरा. मग खुशाल कापा."

चौधरींनी तो चिमटीत धरला. "पाणी सांडलं काय?"

"नाही. आणि हा फक्त माझ्या रांगेतला आहे."

लतीफ हसू दाबत खिडकीकडे वळला. चौधरींनी नकाब दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्या हातात घेतला. मोठ्या आवाजाचा माणूस, पण विचारलं अगदी हळू.

"सगळ्या रडत होत्या?"

"मुलीला उद्या टांग्यात बसवून सासरी पाठवणारी एक तर हमसून रडली. खालचे आज शिट्ट्या मारून गेले की उद्या दुसऱ्या पिक्चरला जातील. या बायका परत येतील, चौधरीसाहेब. येताना आपल्या आयांना घेऊन येतील."

"माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही असंच टांग्यात बसवून परत पाठवलं होतं," चौधरी म्हणाले. त्यांनी लतीफपुढे हात केला, कात्री घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. "राहू दे. रविवारपर्यंत राहू दे."

रविवारी बायकांच्या दारासमोर टांगेच टांगे. पुढच्या आठवड्यात बायका नवऱ्यांना ओढून आणू लागल्या, आणि तेच नवरे त्या पराठ्याच्या वेळी चूप बसू लागले. त्या पाटीखाली गुलरुखने पुढे आणखी पिक्चरं काढली. काही चालली, काही आपटली, पण ती काढत राहिली. कलपवाल्याची आई तिला कधी व्हावं लागलं नाही. चौधरी तर दर शुक्रवारी बहिणीला वर पाठवू लागले आणि जिन्याखाली उभे राहून ओरडून विचारू लागले, "वर काय म्हणतात गं?"

कुलसुमचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती टांग्यात बसली नसणार, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगतो.

मी ऋणी आहे. मला शिवणाऱ्या शिंप्याचा, चपला देणाऱ्या फजलांचा, माझ्यावर नाक शिंकरणाऱ्या त्या बाईचा. सगळ्यांत जास्त माझ्या गुलरुखचा, जिने लोकांचं बोलणं ऐकण्यासाठी मला पांघरलं.

आता मी विरलो आहे. परवा कोणी म्हणालं, मला काचेच्या पेटीत ठेवावं, खाली नाव लिहावं. बाई नुसती हसली. बाई, तुम्हाला माझी एकच विनंती आहे. पेटी नको. चांगली धारदार कात्री घ्या, माझे हातभर हातभर तुकडे करा, कडा दुमडून रुमाल शिवा आणि पुढच्या शुक्रवारी बायकांच्या गॅलरीत एकेका खुर्चीवर ठेवून या.