मामांच्या हाताचा गुण

सुतारमामांच्या दुकानापुढे रस्ता अडला होता. कुणी मिक्सर आणला होता, कुणी ग्राइंडर, कुणी ड्रिल. मामा बंद यंत्रावर हात ठेवत, डोळे मिटत, "ऊठ बाळा" म्हणत कुशीवर थाप मारत, आणि ते घरघरू लागे. जे उठत नसे त्याचं "आयुष्य सरलेलं" असे. जे घरी जाऊन पुन्हा बंद पडे, त्या घरात "शंका शिरलेली" असे. मामा कुठेच चुकत नसत.

त्यांच्या भाचीचं ड्रिल मात्र आठवडाभर तिच्या हातात मरत होतं आणि मामांच्या हातात जगत होतं.

"पोरीच्या हातातच दोष आहे," मामा गर्दीला म्हणाले. "सख्खी भाची, सांगताना जीभ जड होते. पण उद्यापासून तिनं हत्याराला शिवू नये."

बाप गेल्यावर याच मामांनी तिच्या हातात रंधा दिला होता. दुसरं काम तिला येत नव्हतं, नकोही होतं.

तिनं बंद ड्रिल टेबलावर ठेवलं, बटण दाबून धरलं आणि शेजारच्या शिंपीणकाकूंना पुढे बोलावलं. "काकू, इथे थाप मारा."

"अगं, मला कुठला मंत्र येतोय?"

"मंत्र नको. थाप मारा."

काकूंनी मारली. ड्रिल फिरलं. काकू स्वतःच्याच तळव्याकडे बघत राहिल्या.

"घ्या, काकूही बाबा झाल्या," मागून कुणीतरी म्हणालं.

भाचीनं प्लग काढला आणि मोटरच्या दोन्ही बाजूंच्या टोप्या फिरवल्या. आतून कार्बनचे दोन तुकडे निघाले, झिजून नखाएवढे उरलेले.

"हे ब्रश. फिरत्या भागाला टेकून त्याला वीज देतात. झिजले की स्प्रिंग त्यांना नीट दाबू शकत नाही. थाप बसली की थोडा वेळ टेकतात. चमत्कार तेवढाच."

"मग बदलायचे ना," काकू म्हणाल्या.

"बदलले होते, काकू. हे जुने कुणीतरी परत बसवलेत. ड्रिल ठेवतो त्या पेटीला कुलूप असतं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मामांकडे."

मामांनी खिशातून नवी जोडी काढून टेबलावर ठेवली. "गिऱ्हाइकं हल्ली दारातूनच विचारतात," ते हळू म्हणाले, "भाची आहे का म्हणून."

"ब्रश बदलायला मला तुम्हीच शिकवलंत, मामा."

लोक आपापली यंत्रं उचलून निघाले. त्यांना सांगायचं ते इतकंच: यंत्र बंद पडलं तर उघडून बघा. आणि कुणी माणसाच्या हाताला दोष देऊ लागलं, तर आधी किल्ली कुणाकडे आहे ते विचारा.

भाचीनं ब्रश बसवले, टोप्या आवळल्या आणि बिजागरीची भोकं पाडायला गिऱ्हाइकाचा एक दरवाजा आडवा केला. दुसरं टोक धरायला मामा सवयीनं पुढे आले.

"राहू द्या," ती म्हणाली. "काकू धरतील."