उभी गाडी

सकाळी साडेदहा वाजता चष्मेवाला आपल्याच गाडीभोवती फेरी मारत होता. डाव्या बाजूला आल्यावर तो थांबला. आरसा नव्हता. मोडलेला नव्हता, कुठे ओरखडा नव्हता; नीट स्क्रू काढून उतरवलेला होता, आणि वायरच्या टोकाला कुणीतरी टेप गुंडाळून ठेवली होती.

गाडी सर्व्हिस सेंटरच्या मागच्या शेडमध्ये भिंतीला लागून होती. नवीकोरीच म्हणायची, मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. घरी आणल्यावर थोड्याच महिन्यांत गिअर पडेनासा झाला. वॉरंटी होती, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. पण गिअरबॉक्सचा जो भाग बदलायचा तो कंपनीकडून यायचा होता, आणि तो काही येत नव्हता. आधी तो जहाजात होता, मग बंदरात, आणि आता नुसताच 'सिस्टिममध्ये' होता. आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी चष्मेवाला येई आणि गाडी बघून जाई, दवाखान्यातल्या पेशंटला भेटून यावं तसा.

ग्राहक आणि मेकॅनिक यांच्या मधे उभं राहून दोन्हीकडचं ऐकून घेणारी एक सल्लागारबाई तिथे होती. तिला त्याने आरशाचं विचारलं. रंगाला दिलाय, ती म्हणाली. चष्मेवाल्याने मान डोलावली, आत बसून हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही. सल्लागारबाईने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या कुणी आकाशपाताळ एक केलं असतं. चष्मेवाल्याला राग यायला वेळ लागे. त्याआधी कुतूहल येऊन पुढची खुर्ची धरी. बायको म्हणायची, चोर घरात शिरला तर हा माणूस आधी त्याला विचारेल, कुलूप कसं काढलंस.

घाई त्याला नव्हती असं मात्र नाही. त्याच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन बहिणीच्या गावी झालं होतं आणि आई तेव्हापासून तिथेच होती. बुटक्या सीटवर बसायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. एकदा भाड्याच्या गाडीने आणायचा प्रयत्न झाला. आईला त्यात बसवताना एवढी कळ गेली की ती घामाघूम झाली आणि सगळे तिथूनच परत फिरले. ही गाडी घेतली तीच मुळी आईसाठी. शोरूममध्ये टेप घेऊन त्याने प्रत्येक मॉडेलच्या सीटची उंची मोजली होती, आणि विक्रेत्याने शेवटी विचारलं होतं की साहेब, गाडी घेताय की पलंग? आता बहिणीची रजा संपत आली होती. सोमवारी ती कामावर जाणार, म्हणजे आई दिवसभर एकटी. बहीण रोज फोन करी आणि रोज तिच्याकडे नवा टोमणा असे. तुझ्या गाडीचाही खुबाच गेलाय वाटतं, आमचा सर्जन पाठवू का, हा कालचा.

तो फाटकापाशी आला तेव्हा त्याच रंगाची, तशीच एक गाडी बाहेर पडत होती. तिच्या डाव्या आरशाकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो जागीच थांबला. आरशाच्या कोपऱ्यात रुपयाएवढा एक छोटा फुगीर आरसा चिकटवलेला होता. तसला आरसा बाजारात मिळत नव्हता. तो त्याने स्वतः दुकानात भिंग घासून, मागून मुलामा देऊन केला होता, शेजारून येणाऱ्या सायकली दिसाव्यात म्हणून.

त्याने हात केला. काच खाली आली. आत एक केक करून घरोघर पोचवणारी बाई होती. मागच्या सीटवर खोक्यांची चळत होती.

"आरसा छान आहे," चष्मेवाला म्हणाला.

"आहे ना?" बाई खूश झाली. "माझा कुणीतरी उडवला होता. यांनी एका दिवसात बसवून दिला, वर हा छोटा गोल फुकट. लोक उगीच नावं ठेवतात यांना."

चष्मेवाल्याच्या ओठांवर बरंच काही आलं. तो म्हणाला, "त्यात गाडी दिसते त्यापेक्षा जवळ असते. तेवढं सांभाळा."

"तुम्हाला काय माहीत?"

"अंदाज."

तो परत आत गेला. सल्लागारबाई चहा पीत होती. त्याने समोरची खुर्ची ओढली आणि अजिबात आवाज न चढवता विचारलं की आरसा कळला, हॉर्न कुणाकडे गेला. तिने कप खाली ठेवला. मग खरं काय ते सांगितलं. पार्ट वेळेवर येत नाहीत. एखादी गाडी मोठ्या कामासाठी अडकून पडली की तिला इथे 'उभी' म्हणतात, आणि उभीचं काढून चालतीला लावतात. हॉर्न एका डॉक्टरांकडे होता, वायपरची मोटर कुणा मास्तरांकडे. उभी गाडी निघायच्या वेळी तिचं सगळं तिला परत मिळतं. आजवर मिळालेलं आहे. हे ग्राहकाला सांगायचं नसतं, एवढंच.

तो रागावेल म्हणून ती थांबली. तो हसत होता. त्याच्या दुकानाच्या खालच्या खणातही अशीच एक फ्रेम होती. चष्मा मोडून ताटकळत उभ्या असलेल्या माणसाला स्क्रू पाहिजे, नाकावरची गादी पाहिजे, की तिच्यातून काढायची. तिचं नाव त्याने कर्ण ठेवलं होतं. कर्णाचा मालक कोण, हे मात्र त्याला कधी आठवावं लागलं नव्हतं.

"मग मला हवा तो गिअरबॉक्सचा भाग," तो म्हणाला, "दुसऱ्या एखाद्या उभ्या गाडीत असेलच की."

सल्लागारबाईने दाराकडे पाहिलं.

"आहे. पलीकडच्या पांढऱ्या गाडीत. तिचं स्टिअरिंग गेलंय, गिअरबॉक्स ठणठणीत. तुमचं स्टिअरिंग ठणठणीत. दोघींतली एक उद्या जाऊ शकते."

"कुठली?"

"जो साहेबांसमोर जास्त ओरडेल त्याची. इथे तसंच चालतं, काका. तुम्ही कधी ओरडला नाहीत, म्हणून उभे आहात. उद्या सकाळी या आणि थोडा आवाज चढवा."

जाताना तो पांढऱ्या गाडीपाशी थांबला. काचेला हात लावून आत डोकावला. ती त्याच्या गाडीइतकीच नवी होती. डॅशबोर्डवर एक चष्मा उघडाच पडला होता. उजवी काच जाड, डावी त्याहून जाड. कडेने प्रकाश वाकत होता त्यावरून त्याने नंबर ताडला. सत्तरीच्या आसपासचा माणूस. डावी काडी पुनःपुन्हा सैल होत असणार, कारण बिजागरीत स्क्रूऐवजी टाचणी वाकवून घातलेली होती. असा माणूस चष्मा विसरून जातो तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरं काहीतरी असतं. काय, हे काचेतून दिसत नव्हतं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. उद्याचं सांगितल्यावर तिने विचारलं की तू ओरडणार? तू? जमेल ना? मग म्हणाली, थांब, आई मागतेय फोन.

"गाडीचं सावकाश बघ," आई म्हणाली. "लोकांशी भांडू नकोस."

"बरं."

मग आवाज एकदम खाली आला. बहीण खोलीतच असावी.

"पण मला इथून ने."

रात्री जेवताना त्याने बायकोसमोर दोन वाक्यं म्हणून पाहिली. तिने ती ऐकून घेतली आणि म्हणाली की अशा आवाजात तर तुम्ही गिऱ्हाइकाला चष्मा पुसायचं फडकं देता. सरावासाठी तिने स्वतः एकदा ओरडून दाखवलं. ते इतकं चांगलं जमलं की शेजारणीने बेल वाजवून काय झालं म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर उघडायच्या सुमारास तो पोचला. साहेबांच्या केबिनबाहेर बाक होता आणि बाकावर आधीच एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर बंद छत्री. ते दारावरच्या पाटीकडे डोळे बारीक करून बघत होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे खोल वण होते, आणि चष्मा नव्हता.

"साहेब किती वाजता येतात, लिहिलंय का हो तिथे?" त्यांनी विचारलं.

"साडेदहा."

"म्हणजे आलेच." त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही कुणाशी भांडायला आलात?"

चष्मेवाला बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"मी आलोय," गृहस्थ म्हणाले. "जन्मात भांडलो नाही. पण इथली ती मुलगी परवा म्हणाली, आवाज चढवल्याशिवाय गाडी मिळायची नाही. सुनेकडून शिकून आलोय. ती म्हणाली, टेबलावर हात आपटा. हाताला लागेल म्हणून ही छत्री."

चष्मेवाल्याने काचेच्या पार्टिशनपलीकडे पाहिलं. सल्लागारबाई तिथे उभी होती आणि त्या दोघांकडेच बघत होती. तिने नजर चुकवली नाही. दोघांनाही तिने सारखंच सांगितलं होतं.

गाडी कशासाठी हवीय, हा प्रश्न त्याच्या जिभेच्या टोकावर होता. आयुष्यभर असले प्रश्न त्याच्या तोंडून सहज निघत आले होते. आत्ता त्याने तो गिळला आणि समोरच्या भिंतीवरचं टायरचं चित्र बघत बसला. त्यांचं कारण एकदा कानावर पडलं की आपल्याला ओरडता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. कालची दोन वाक्यं त्याने मनात म्हटली. पहिलं नीट आलं. दुसऱ्याच्या मधेच आईचा तो खाली आलेला आवाज आला. पाठोपाठ शेजारी छत्रीच्या मुठीवर बोटं वाजू लागली. आधी हळू, मग भरभर.

साहेब बाजूच्या दाराने आत गेल्याचं दोघांनाही कळलं. पंखा सुरू झाल्याचा आवाज आला.

चष्मेवाला वळला.

"तुम्हाला गाडी कशाला हवीय?"

गृहस्थांनी बोटं थांबवली. कुणीतरी विचारेल अशी त्यांची अपेक्षा नसावी. त्यांनी छत्री बाकाला टेकवून ठेवली, त्याच्याकडे सरकून बसले आणि सांगायला लागले. मधे एकदा थांबून त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला?" चष्मेवाल्याने एका वाक्यात सांगितलं. "अरेरे," ते म्हणाले, आणि आपलं पुढे सांगू लागले.

पावणेअकराला केबिनचं दार उघडलं. सल्लागारबाई दारात उभी होती. साहेबांना बाहेर जायचंय, ती म्हणाली, एकालाच भेटतील. कोण येतंय?

तिने दार धरून ठेवलं. बाकावरून अजून कुणी उठलं नव्हतं.