सहा परूस पाणी

समुद्रात बारा वर्षं तरलेला माणूस गावच्या विहिरीत मान मोडून घेतो, तेव्हा गावाची वर्षभराची करमणूक होते. येळ्ळूरने मष्णूच्या बाबतीत ती पुरेपूर करून घेतली. ‘पोहणाराच बुडतो’ ही म्हण त्याला इतक्या तोंडांनी इतक्यांदा ऐकवली, की शेवटी ऐकवणारेच कंटाळले. मष्णू तर आधीच कंटाळलेला होता.

मालवणला तो पर्यटकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधायचा, तोंडात नळी द्यायचा आणि त्यांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवून आणायचा. पोहता न येणारी माणसं, पोट सुटलेले व्यापारी, नव्या नवऱ्या, सगळी त्याच्या हाताला धरून खाली गेली आणि हसत वर आली. गेल्या वर्षी मे महिन्यात तो सुट्टीवर घरी आला आणि चार लोकांच्या देखत शेतातल्या विहिरीत काठावरून सूर मारला. हात पुढं, डोकं खाली. आता, मे महिन्यात त्या विहिरीत सूर कुणीच मारत नाही. पाय पोटाशी घेऊन मुटका मारतात, कारण तळाशी मधोमध खडक आहे आणि उन्हाळ्यात त्याच्यावर छातीएवढंच पाणी राहतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मष्णूलाही एके काळी ठाऊक होतं. समुद्राची सवय लागली आणि विहीर विसरली.

मानेचा एक मणका चिरला. सरकला नाही, एवढंच नशीब. तीन महिने गळ्याला पट्टा, मग वर्षभर बसने बेळगावला व्यायामासाठी हेलपाटे. हनुवटी मागे, दहा मोजा, सोडा. मान डावीकडे, दहा मोजा, सोडा. निपाणीची थोरली बहीण जयाबाई भेटायला आली तेव्हा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून म्हणाली, “चाळीस वर्सं खाली मान घालून बिड्या वळतोय रं मी. आमच्या मानंचा कुणी फोटू काढला न्हाय.” मष्णू हसला, आणि हसताना मान दुखली.

खरं तर दुखणं एव्हाना कमी झालं होतं. शीण आला होता तो सांभाळून राहण्याचा. उठताना सांभाळ, वळताना सांभाळ, कुणी हाक मारली तर मान न वळवता सगळा माणूसच्या माणूस वळव. डाव्या हाताच्या दोन बोटांना अधूनमधून मुंग्या यायच्या. त्या त्याने कुणाला सांगितल्या नव्हत्या. डॉक्टर शेवटी म्हणाले होते, “पोहा. वजन उचलू नका. ते टाकी बांधून खाली जायचं मला काही कळत नाही, ते तुमचं तुम्ही बघा.”

या दीड वर्षात बायकोने, मंजुश्रीने, त्याला आंघोळ घातली, शर्टाची बटणं लावली, आणि रोज वडगावला भावाच्या मागावर कांड्या भरायला जाऊन घर चालवलं. ती शहापूरच्या विणकराची लेक. तुटलेला धागा दिसला की हात गाठ मारायला आपोआप जातो. नवऱ्यालाही तिने तशीच गाठ मारून ठेवली होती. शहापुरात साडीच्या एका दुकानाच्या दारावर उभं राहायचं काम होतं. सोमवारपासून. खाकी शर्ट शिवून कपाटात टांगला होता. “उबं तर ऱ्हायचं हाय,” ती म्हणाली होती, “मान सरळ ठेवून.” पाण्याचा विषय निघाला की मात्र ती ताटावरून उठायची.

आणि अशात कुमारचा फोन आला. कुमार खानापूरकडचा. टाकीला हात कुठं लावायचा तेही त्याला मष्णूने शिकवलं होतं, आणि आता त्याची स्वतःची बोट होती. “अण्णा, दसऱ्याला सीझन सुरू हुतंय. तुज्यासारखा माणूस मला मिळणार न्हाय,” तो म्हणाला. “पर बघितल्याबिगर मी न्हेणार न्हाय. राग मानू नकोस.” शनिवारी इंजिनाचे पार्ट घ्यायला तो बेळगावात येणार होता. येताना दोन टाक्या घेऊन येतो म्हणाला.

मष्णूने हे घरात सांगितलं.  शनिवारी मंजुश्री मागावर गेली नाही.

नवरात्र आठ दिवसांवर होतं आणि विहीर वरच्या चार पायऱ्या सोडून भरली होती. सहा परूस पाणी. म्हणजे सहा माणसं एकावर एक उभी केली तर वरच्याचं डोकं कसंबसं बाहेर येईल. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले होते, त्यामुळे गढूळपणा बसून पाणी हिरवं आणि स्वच्छ झालं होतं. कुमारने टाक्या पायऱ्यांवरून स्वतः उतरवल्या. मष्णू हात पुढं करायला गेला तर म्हणाला, “ऱ्हाऊंदे अण्णा.” ज्याला आपण उचलायला शिकवलं, त्याने आपल्याला उचलू नको म्हणावं, हे मष्णूला बरं वाटलं नाही.

परीक्षा साधी होती. ज्याला पोहता येत नाही असा माणूस घेऊन खाली जायचं, एक फेरी मारायची, वर आणायचं. अशा माणसाला, म्हणजे पाहुण्याला, नेताना त्याच्या पाठीवरची टाकी एका हाताने घट्ट धरतात, स्वतः किंचित वर आणि बाजूला राहतात, आणि दर चार श्वासांनी वाकून त्याच्या तोंडाकडे बघतात. खाली बोलता येत नाही. माणूस घाबरला की आधी डोळ्यांत दिसतं. ते ज्याला वेळेत दिसत नाही, त्याने हे काम करू नये.

“मीच पावना होणार होतो,” कुमार नाक पुसत म्हणाला, “पर सकाळपास्नं सर्दीनं बेजार हाय. नाक चोंदलं की कान मोकळं हुईनात. खाली गेलो तर पडदा फाटंल.”

“मग मी जाऊ व्हय?” जयाबाईने पायरीवरून विचारलं. तमाशा चुकू नये म्हणून ती निपाणीहून पहाटेच्या गाडीने आली होती.

“तुजी बिडी विझंल आक्का,” मष्णू म्हणाला.

“मी उतरतो,” मंजुश्री म्हणाली. ओढणी काढून तिने जयाबाईच्या मांडीवर ठेवली.

मष्णू तिच्याकडे बघत राहिला. एवढी माणसं खाली नेली, बायकोला कधी नेलं नव्हतं. ती मालवणला दोनदा आली होती, आणि दोन्ही वेळा किनाऱ्यावर त्याच्या चपला राखत बसली होती. त्याच्या मनात आलं, संपलं. हिला नुसतं घाबरल्याचं नाटक करायचं आहे, की आपण सोमवारी साडीच्या दुकानात.

कुमारने तिला टाकीचं जाकीट चढवलं. मष्णूने शिकवलं ते, नेहमी शिकवायचा तेच, पण आवाज जरा कोरडा पडला होता. नाकानं श्वास घ्यायचा न्हाय. कान दाटलं तर नाक दाबून फुंकायचं. अंगठा आणि बोट जुळवलं म्हंजे सगळं बरं हाय. अंगठा वर म्हंजे वर चला. तिने प्रत्येक खूण करून दाखवली. जयाबाईने भावजयीच्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. गावात पोहायला असंच शिकवतात. कुमारनेही हरकत घेतली नाही. तो खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बुडबुड्यांवर नजर लावून बसला.

डोकं पाण्याखाली गेलं आणि मष्णूचा दीड वर्षाचा शीण उतरला. अगदी खरं सांगायचं तर त्याला रडू आलं. मास्कमध्ये ते कुणाला दिसत नाही. इथं कुणी ‘सांभाळून’ म्हणत नव्हतं. हात, पाय, पाठ, सगळं वजन पाण्याने उचलून धरलं होतं. नळीतून येणारा आपलाच श्वास कानात ऐकू येत होता, आणि डाव्या हातात मंजुश्रीच्या टाकीचं थंड तोंड होतं.

एक परूस. त्याने वाकून बघितलं. मास्कच्या आत तिचे डोळे मोठे झाले होते, पण घाबरलेले नव्हते. तिने अंगठा आणि बोट जुळवलं. दुसरा परूस. तिने नाक दाबून कान मोकळे केले, शहाण्या विद्यार्थिनीसारखं. विहिरीच्या दगडी भिंतीत शेवाळाचे लांब केस हलत होते, एक मळी मासा त्यांच्यातून डोकावून आत गेला, तेव्हा ती त्याच्याकडे बोट दाखवून हसली. हसताना तोंडाच्या कडेने पाणी गेलं, तिने जबडा आवळला, सावरली. एवढ्या सगळ्यांत असा पाहुणा मष्णूला क्वचितच मिळाला होता. नाटक वगैरे काही नव्हतं.

आडवं होऊन फेरी सुरू केली आणि मान बोलायला लागली. पाण्यात पालथं पोहताना पुढं बघायचं तर डोकं मागं उचलून धरावं लागतं, आणि पाहुण्याकडे बघायचं तर तेच डोकं खाली डावीकडे वळवावं लागतं. वर, खाली, वर, खाली. हे व्यायामाच्या दहा आकड्यांत बसत नव्हतं. अर्धी फेरी झाली नाही तोच मानेच्या मुळाशी कुणी खिळा ठोकल्यासारखं झालं आणि मान वळेना. मुंग्या दोन बोटांतून चारही बोटांत आल्या. मग मुंग्याही थांबल्या.

हात सुटलेला त्याला कळला नाही. डोळ्यांना दिसला. बोटं उघडी होती आणि मंजुश्री त्यांच्यापासून वीतभर खाली होती, मग हातभर. दोरी ताणली, ती थांबली. त्याने उजव्या हाताने झडप घालून तिचं जाकीट पकडलं. सगळं मिळून दोन श्वासांचा खेळ. समुद्रात दोन श्वास पुष्कळ होतात, आणि समुद्रात आक्काची दोरी नसते.

मंजुश्रीने मान उचलून त्याच्याकडे बघितलं. मग पाहुण्याने कधी करू नये ते केलं. तिनेच त्याला खूण करून विचारलं, बरं हाय?

त्याने अंगठा आणि बोट जुळवलं. बरं हाय.

दीड वर्ष ज्या बाईने त्याच्या शर्टाची बटणं लावली, तिला तो पाण्याखाली खोटं सांगत होता. तिने मानेने नकार दिला. त्याच्या मानेकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला.

वर आल्यावर कुमारने आधी तिच्या तोंडातली नळी काढली. “काय वैनी? लवकर आलासा?”

मंजुश्री पायरीवर बसून खोकत होती. “मलाच भ्या वाटलं,” ती म्हणाली. “श्वास कोंडला. ह्यांचं काय न्हाय. हे बराबर धरून हुते.”

“पर दोरीला हिसका बसला की गं,” जयाबाई म्हणाली.

“मीच पाय झाडलं, आक्का.”

कुमारच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. “मग काय! पयल्या खेपंला हुतंय तसं. अण्णा, सोमवारी निघूया?”

मष्णूला काही समजेना. पाण्याच्या नावाने जेवण सोडणारी ही बाई त्याला समुद्र परत करत होती. त्याने तिच्याकडे बघितलं. ती ओल्या केसांतलं पाणी पिळत होती आणि त्याच्याकडे मुद्दाम बघत नव्हती. तेव्हा त्याला उमगलं की खाली तिलाही काहीतरी दिसलं होतं. दीड वर्ष ती ज्याला सांभाळत होती तो आजारी माणूस तिला पहिल्या दोन परुसांत कुठं भेटला नव्हता. खाली भेटलेल्या माणसाला खाकी शर्टात कोंबायचं तिच्या जिवावर आलं होतं.

नुसतं गप्प बसलं तरी चाललं असतं. तोंड उघडायचीही गरज नव्हती.

“ती खोटं बोलती,” मष्णू म्हणाला. “माजा हात सुटला. सुटलेला मला कळलाबी न्हाय. दोरी नसती तर खडकावर गेलती ती.”

कुमारने हातातली नळी पायरीवर ठेवली. मग म्हणाला, “फुडच्या वर्सी बघूया, अण्णा.”

“फुडच्या वर्सीबी न्हाय. लोकांस्नी घेऊन न्हाय. कदीच न्हाय.” बोलून झाल्यावर तो पायरीवर बसला. फार मोठा भारा डोक्यावरून उतरवल्यावर माणूस बसतो, तसा. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. नुसतं दमल्यासारखं वाटत होतं.

जयाबाईने पदराला नाक पुसलं. कुमार नळ्या आवरायला लागला. मंजुश्रीने त्याचा हात धरून थांबवला.

“ह्यांच्या टाकीत हवा किती ऱ्हायलीया?”

कुमारने काटा बघितला. “अर्ध्याच्या वर हाय.”

“मग ती फुकट घालवायची व्हय?” ती मष्णूकडे वळली. “माणसं न्ह्यायची न्हाईत म्हटलासा. तुमी जायाचं न्हाई असं कोण म्हटलंय? जावा.”

“मंजू, मान—”

“उताणं जावा. उताणं निजलं की दुखत न्हाई तुमची. रोज बगतो की मी.”

कुमार म्हणाला तीन परुसांच्या खाली जायचं नाही, आणि त्यावर वाद नको. मंजुश्रीने आपल्या कमरेची दोरी सोडली आणि नवऱ्याच्या कमरेला बांधली, विणकराच्या गाठीने. दुसरं टोक जयाबाईला दिलं नाही, स्वतःच्या हातात ठेवलं.

मष्णू पाण्यात उताणा झाला आणि हळूहळू खाली गेला. मान टाकीवर टेकली होती आणि दुखत नव्हती. खाली कुठंतरी तो खडक असणार, त्याने बघितलं नाही. वर विहिरीचं गोल तोंड होतं, त्यात आभाळ, आणि पायरीवरून वाकलेलं मंजुश्रीचं डोकं. सोमवार परवावर होता. डावा हात त्याने तसाच मोकळा सोडला. आता त्यात कुणाला धरायचं नव्हतं.

हवेचा काटा लाल रेघेला टेकेपर्यंत दोरीला वरून एकदाही हिसका आला नाही.