बाहेरच्यांना प्रवेश नाही

हुडकेश्वरकडच्या त्या लेआउटमधली बाग लोकांनी स्वतः उभी केली, हे खरंच होतं. आधी तिथे डुकरं लोळायची. दहा-बारा घरांनी मिळून कचरा उपसला, निंब-करंज लावले. पण नागपूरच्या उन्हात झाड जगवणं म्हणजे नाकी नऊ. घरोघरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायचं, ही युक्ती तिथल्याच एका घरातल्या प्रेमिलाची. बादली ज्याची त्याने न्यायची, असं ठरलं. पंधरा दिवस नेलीसुद्धा. मग सगळ्यांचे गुडघे एकदमच दुखायला लागले. तिथल्या घरांत धुणीभांडी करणारी सिंधूताई मात्र तीन उन्हाळे पाणी वाहत राहिली. काम आटोपलं की करंजाखाली बसून डबा खायची, एवढंच तिचं सुख.

यंदा सावली दाट झाली आणि मंडळींना आपण मालक असल्याचा साक्षात्कार झाला. फाटकावर पाटी लागली: बाहेरील व्यक्तींना प्रवेश नाही. सभेत प्रेमिलानेही हात वर केला होता. बाहेरचे म्हणजे दारू प्यायला येणारे, असं तिने गृहीत धरलं. विचारायला हवं होतं, पण तेवढ्यात गरम सांबारवडी आली.

सोमवारी सकाळी ती बागेत शिरली, तेव्हा समितीचे अध्यक्ष नानाजी सिंधूताईला करंजाखालून उठवत होते. तिच्या हातातला डबा अर्धाच खाऊन झालेला, शेजारी दोन भरलेल्या बादल्या.

"पाणी टाकाले ये ना तू, त्याले कोण नाही म्हणते? बसू नको फक्त. तुले पाहून बाकीच्या कामवाल्या येतीन."

बाकांवरच्या माना डोलल्या. प्रेमिलाला शिसारी आली.

"नानाजी, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. झाडं हिनं जगवली."

"म्हणूनच तं आत येऊ देऊन राहिलो."

सिंधूताईने डबा बंद केला. दोन्ही बादल्या उचलून फाटकाबाहेर नेल्या आणि गटारात पालथ्या केल्या.

"अवं, झाडं मरतीन ना," नानाजी म्हणाले.

"मग मले काहून सांगता? मी तं बाहेरची."

ती गेली.

"आता पाणी कोण आणेल?" प्रेमिलाने विचारलं.

"दुसरी बाई पाहून घेऊ." नानाजींनी पेपर उघडला.

प्रेमिलाला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. ती थुंकली नाही. त्या दोन बादल्यांतली एक तिच्याच घरची होती.