शिळं पाणी

आमच्या गावात नळाला पाणी यायच्या दिवशी आधी गटार वाहतं, मग हंडे भरतात. हे मी छातीठोक सांगतो, कारण अकरा वर्षं इथला व्हॉल्व्ह मीच फिरवतो. सध्या नऊ दिवसांनी पाणी, तेही एकेका गल्लीला चाळीस मिनिटं. आणि ते यायच्या आधी लोक करतात काय, तर घरात उरलेलं पाणी ओतून देतात. का? तर म्हणे ते शिळं! मग हंडे घासायचे आणि सगळं नव्याने भरायचं. धरण तळाला गेलं तरी यांना ताजं पाणी हवं. मी काही बोललो की ऐकवतात, "तू तुझी चावी फिरव, नवल."

याचा फटका बसायचा मंजुळाअक्काला. गल्ली चढाची आणि तिचं घर सगळ्यात वर. खालच्या चाळीस घरांच्या तोट्या उघड्या असल्या की तिच्या नळातून नुसती हवा यायची. मागच्या दोन पाळ्या तिला थेंब मिळाला नव्हता. साठी ओलांडलेली एकटी बाई, गुडघे धरलेले, तरी खालून कळशी कळशी आणून अठरा दिवस काढले तिने. शेवटी तिचा मुलगा भूपेंद्र भुसावळहून गाडी घेऊनच आला. "या पाळीलाही पाणी आलं नाही तर कुलूप लावायचं आणि माझ्याबरोबर यायचं," म्हणाला. अक्काने कबूल केलं. नवऱ्याबरोबर डोक्यावर विटा वाहून तिने उभं केलेलं घर ते.

मला काही ते बघवेना. पाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी वर गेलो आणि हळूच म्हणालो, "अक्का, उद्या दहा मिनिटं जास्त चालू ठेवतो. कोणाला कळतंय?"

"आन त्या धा मिनिटं कोना शेतस? पुढनी गल्लीना ना?" ती माझ्यावरच उखडली. "त्या बायास्ना हंडामाईन काढीसन माले देशी? असं पाणी माले नको."

मी तणतणत खाली उतरलो. म्हटलं, चांगुलपणा करायला गेलो आणि वर हे!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी व्हॉल्व्हपाशी येऊन बसलो. पाणी आठला सोडायचं होतं. बघतो तर अक्का काठी टेकत गल्ली उतरत होती. अगदी खालच्या घरापासून तिने सुरुवात केली.

"बाय, शिळं पाणी फेकू नको. रिकामं व्हई तेच भर, आन भरी गया का तोटी बंद कर."

पहिल्याच दारात पुनम हसली. "अक्का, शिळं पाणी पिऊन आजारी पडायचं का?"

"पोरी, धरणमा ते सालभर पडेल शे, ते शिळं नही. आन तुना हंडामानं नऊ दिनमा शिळं व्हयनं?"

पुनमच्या हातातला हंडा गटारावर कलता कलता थांबला. अकरा वर्षं घसा फोडून मला हे सुचलं नव्हतं.

किराणा दुकानवाल्या घेवरचंदशेटच्या जतनबाई ओट्यावर उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत जाऊन पाणी गाळायचं फडकं घेऊन आल्या. "आम्ही कालचं पाणी गाळूनच पितो. पाणी तुपासारखं वापरावं," म्हणाल्या आणि अक्काबरोबर चालू लागल्या. दोघी मिळून चाळीस दारं फिरल्या. 'मला पाणी मिळत नाही, मला घर सोडावं लागेल,' असं अक्काने एकाही दारात म्हटलं नाही. तिच्या जागी मी असतो तर गल्लीत लोळण घेतली असती.

आठला चावी फिरवली. गटार कोरडं! तिसाव्या मिनिटाला भूपेंद्रचा फोन आला. "नवलभाऊ, आलं! करंगळीएवढी धार आहे, पण आलं!"

चाळीस मिनिटं झाली आणि पुन्हा फोन वाजला. "ड्रम अर्धाच झालाय. पाचच मिनिटं थांबा, हात जोडतो." माझा हातही चावीवर अडला होता. तेवढ्यात फोनमध्ये अक्काचा आवाज आला.

"नवल, टाइम व्हयना. बंद कर."

मी बंद केलं. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

पुढच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडून मी धावतच चढ चढलो. अर्धा ड्रम, दोन हंडे, बस. भूपेंद्र तिची कपड्यांची पिशवी हातात घेऊन उभा. "माय, एवढ्यात नऊ दिवस कसे काढशील?"

"एक कळशीमा दिन काढात मी. तू जाय, तुनी ड्युटी शे."

त्याने पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.

अक्काने तांब्या विसळला, काठोकाठ भरला आणि माझ्यासमोर धरला. "पी ले, भाऊ. सकायपासून उभा शे."

अकरा वर्षं मी या गावाला पाणी सोडतोय. कमी का आलं, उशिरा का आलं, एवढंच सगळे विचारतात. पाणी पितोस का, असं कोणी कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते तिने, जिच्या घरात सगळ्यात कमी होतं. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.