थेंबभर वंगण

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत शारदाबाई तीन महिन्यांसाठी परदेशी मुलाकडे, सँडीफोर्डला आल्या आणि विमाने थांबल्यामुळे तिथेच राहिल्या. नाशिकच्या घरात त्यांच्या शब्दावाचून पान हलत नसे; इथे सून त्यांना कांदाही चिरू देत नव्हती. आपली कोणाला गरज उरलेली नाही, ही जाणीव त्यांना आतून खात होती. म्हणून ऑगस्टमध्ये मुलगा उपेंद्र नेमबाजीच्या क्लबात निघाला, तेव्हा त्या कोणालाही न विचारता गाडीत जाऊन बसल्या.

क्लब दलदलीच्या माळावर होता. तिथल्या एका खोलीत, देखरेखीखाली, सभासद पिस्तुलाची काडतुसे पुन्हा भरत. वापरलेली पितळी पुंगळी साच्यात दाबून मापावर आणायची, मग आत दारू, वर गोळी. पुंगळी साच्यात अडकू नये म्हणून आधी तिला वंगणाच्या तेलाचे बोट लावायचे. उपेंद्रने ते काम आईला दिले आणि बजावले, की फक्त बाहेरून, अगदी पुसट. नंतर तो स्वतः पुसून घेणार होता.

शारदाबाईंनी मान हलवली. घराण्यातली सगळी बाळे त्यांच्या पायांवर न्हाली होती. तेल कसे लावावे हे त्यांना कोणी सांगावे? खिडकीबाहेर धुके सरकत होते की माळ, कळत नव्हते. दुधट उजेडात पितळ बोटांखाली कोमट झाले, मऊ झाले, जणू हातपाय हलवू लागले. चोळून झाल्यावर, वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्यांचे बोट प्रत्येकीच्या उघड्या तोंडाशी गेले आणि बाळाच्या कानात सोडावा तसा एकेक थेंब आत सोडत राहिले. पाठमोऱ्या उपेंद्रला ते दिसले नाही. त्याने पुंगळ्या साच्यात दाबल्या, बाहेरून पुसल्या आणि भरल्या.

रविवारी क्लबात संघनिवडीची स्पर्धा होती. उपेंद्रने पहिला बार काढला. धडाक्याऐवजी नुसता उसासा ऐकू आला. समोरच्या लक्ष्याच्या कागदावर भोक नव्हते. त्याने कपाळाला आठी घातली, दुसरे काडतूस चढवले आणि हात पुन्हा उचलला.

मागच्या बाकावर शारदाबाईंना तो दुधट उजेड आठवला, ते उघडे तोंड, तो थेंब. दारू भिजली होती. आयुष्यात त्यांनी स्वतःची चूक चारचौघांत कधी बोलून दाखवली नव्हती. उपेंद्रचे बोट खटक्यावर वाकू लागले.

"उपेंद्र, खाली ठेव. त्यात मी तेल घातलंय."

आवाज चढा नव्हता. पण तो ऐकून उपेंद्र लहानपणी झाडावरून उतरत असे. त्याने पिस्तूल खाली ठेवले. देखरेख करणाऱ्या डर्मॉटने नळी तपासली. पहिली गोळी जोर न मिळाल्याने मध्येच अडकली होती. दुसरी सुटती तर नळी हातात फुटली असती, एवढेच तो हळू आवाजात म्हणाला.

उपेंद्रची स्पर्धा तिथेच संपली. दोघे गाडीत येऊन बसले. काचेवर धुके दाटत गेले.

"आत कशाला घातलंस, आई?"

"कान कोरडे राहू नयेत म्हणून."

तो हसला नाही. स्टिअरिंगवरचे आपले हात पाहत राहिला. मग म्हणाला, की उरलेली काडतुसे क्लबाच्या त्या खोलीत उघडून दारू काढून टाकावी लागेल; तो करील सावकाश.

"आत्ताच," शारदाबाई म्हणाल्या. "आणि दोघं मिळून."

उपेंद्र खाली उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि त्याने त्यांच्या बाजूचे दार उघडले.